चारही कॅमेरे मांडवाकडे

गंगामावशीच्या वाडीतली चोरी अख्खं गव्हाण गाव तिथे हजर असताना झाली आणि कोणालाही दिसली नाही. याचं सगळं श्रेय तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काळूराम मावसांना. मी त्यांची भाची, राहते पनवेलला, पण या माणसाच्या हौसेने माझं डोकं तिथपर्यंत दुखतं.

वाडी मावशीची, तिच्या बापाने दिलेली. तिथली भेंडी, वांगी ती स्वतः उलव्याच्या बाजारात नेऊन विकते. या उन्हाळ्यात आधी पाइप चोरीला गेले, मग वायर. तिच्या मुलाला, दीपेशला, एवढं निमित्त पुरलं. त्याला वाडी विकून उंच काळी गाडी घ्यायची होती. रोज ताटावर बसला की तेच.

"आई, राखनार कोन? ईकून टाक."

एक दिवस मावशी वैतागली. "कॅमेरे लावते. त्यावर बी चोरी झाली त ईकू. गावदेवीची आन."

बोलून गेली आणि पांढरीफटक पडली. गावदेवीची आण तिने जन्मात मोडलेली नाही.

चार कॅमेरे बसले. त्यातला एक मागच्या विहिरीवर, पाण्याच्या मोटारीकडे तोंड करून. आता कोणीही म्हणेल, झालं काम, गप्प बसा. पण आमच्याकडे बोअरिंगला पाणी लागलं तरी बॅनर लागतो. मावसांनी नाक्यावर बॅनर चढवला: 'कॅमेऱ्यांचा भव्य उद्घाटन सोहळा', खाली स्वतःचा काळा चष्मा घातलेला फोटो, त्याखाली 'मटण-भाकरीची सोय केली आहे'. चोराला निमंत्रण द्यायचं एवढंच बाकी ठेवलं होतं. मी तोंडावर सांगितलं तर म्हणाले, "किशोरी, तुमा पनवेलवाल्यांना मान काय तो कललाच नाय."

रविवारी दुपारी वाडीत मांडव पडला. मावसांना शाल आणि नारळ मिळणार होता आणि तो क्षण सगळ्या बाजूंनी टिपला जायला हवा होता. म्हणून त्यांनी चारही कॅमेरे मांडवाकडे फिरवून घेतले. विहिरीवरचासुद्धा. फीत कापली, भाषणं झाली, पंगती उठल्या. संध्याकाळी मावशी वांग्यांना पाणी सोडायला गेली आणि विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली. मोटार नव्हती.

मला मावसांचा इतका राग आला की त्यांची शाल ओढून फेकावीशी वाटली. मावशीकडे तर बघवत नव्हतं. दीपेश तेवढा शांत होता. "आई, तू आन घेतली व्हती," तो म्हणाला. "मी त काय बोललो नाय."

निम्मं गाव अजून तिथेच होतं. सगळे मावशीच्या घरात टीव्हीसमोर बसून चित्रण बघू लागले, पण चोर कोण शोधतो. जो तो स्वतःला शोधत होता. मावसांनी शालीचा प्रसंग पुन्हा पुन्हा लावायला लावला. मग पंगती आल्या. ज्यांचं बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नाही ते मांडीला मांडी लावून रस्सा ओरपत होते. माळकरी बळीराम डाळभात घेऊन कोपऱ्यात होता, पण होता. मटण म्हटल्यावर आमच्यात तापाचा माणूससुद्धा चादर गुंडाळून येतो.

मावशी पुढे सरकली. तिने पहिली पंगत पाहिली, दुसरी पाहिली, शेवटचीही पाहिली. मग टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "जा आता घरा. कलला चोर."

कोण, कोण, असं विचारत लोक नाइलाजाने उठले. घरात आम्ही चौघंच उरलो. मलाही काही कळलं नव्हतं.

"दीपेश," मावशी म्हणाली, "तू पयल्या पंगतीला बसतस आनि शेवटच्या पंगतीला परत बसतस. आज एका बी पंगतीला नाय. कंय व्हतास?"

दीपेशने पाण्याच्या बाटल्या आणायला गेलो होतो असं सांगून पाहिलं. तेवढ्यात त्याच्या पोटातून गुडगुड आवाज आला, तो मलाही ऐकू आला. शेवटी त्याने मान खाली घातली. "दोस्ताच्या गोठ्यान ठेवलीय."

मावसा हात उगारून धावले. मावशीने त्यांना हाताने मागे सारलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

"घरच्यानं घरची मोटार उचलली, त्याला चोरी नाय म्हनत. माझी आन मोडली नाय आनि वाडी ईकाची नाय." मग तिने चुलीकडे बोट केलं. "तुज्या वाट्याचा मटन झाकून ठेवलाय. आधी मोटार बसव, वांग्यांना पानी सोड, मंग जेव."