हायम सरांचं मत

पनवेलच्या कॉलेजात ग्रंथपाल हायम सरांचा शब्द शेवटचा. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर विंडोज ९५ घ्यावं का, असं प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, तेव्हा सर भारदस्तपणे म्हणाले, "आपलं डॉसच बरं. माऊस फिरवणं म्हणजे पोरखेळ."

खरं कारण एवढंच, की हात थरथरल्यामुळे सरांना माऊसची दोन क्लिक लागोपाठ जमत नव्हती. सहायक मनिषाने खांदा कॉलनीत महिनाभर विंडोजचा क्लास केला होता. तरी तीही म्हणाली, "सरांचं बरोबर आहे."

बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, ते नुसत्या कीबोर्डवरही चालतं. मी शिकवीन. आत बोलले नाही, लोक होते."

सर परत आत गेले. "मला येत नाही म्हणून नको म्हणालो," एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला.