तिसरी चावी

थोरला पाण्यात गेला त्याला आठ महिने झाले होते, आणि वहिनी त्यानंतर पहिल्यांदाच धाकट्या दिराच्या दुकानाची पायरी चढली.

दुकान म्हणजे कुलूप-चावीचा गाळा. एका माणसाला वळायचं तर दुसऱ्याने बाहेर जावं, एवढाच. भिंतभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, फळीवर कानशी, आणि सगळ्यावर पितळेचा बारीक भुगा. वहिनीने रुमालाने स्टूल झटकलं आणि बसली.

"भाऊजी, बोट विकून टाकू म्हणते. पण चावीच नाही."

चावी थोरल्याबरोबरच गेली होती. बोट भर पाण्यात नांगर टाकून उभी असलेली सापडली. थोरला तिसऱ्या दिवशी सापडला. चावी सापडलीच नाही. एवढा पट्टीचा पोहणारा माणूस, वारा नाही, लाट नाही, तो बुडाला कसा हे कोणालाच उमगलं नव्हतं. धाकट्याला एक शंका होती. ती त्याने आठ महिने ओठांबाहेर येऊ दिली नव्हती.

"नुसती चावी नको, वहिनी," तो म्हणाला. "जुनी कोणाच्या हाती लागली असेल काय सांगावं. इंजिनाचा अख्खा स्विचच बदलू. आज बदलतो."

वहिनीने चमकून वर पाहिलं. धाकट्याच्या तोंडून 'आज' हा शब्द घरात कोणी कधी ऐकला नव्हता.

त्याने नवा स्विच घेतला, त्याच्या दोन चाव्या स्वतः कापल्या आणि दोन्हींच्या टोकाला कानशीने एक बारीक तिरकी खूण केली. आपल्या हातच्या प्रत्येक चावीवर तो ती करायचा. संध्याकाळी तो धक्क्यावर गेला. आठ महिने पडून राहिलेली बॅटरी मेली असणार म्हणून दुसरी सोबत नेली होती. ती जोडायला त्याने इंजिनाचं झाकण उचललं आणि हात तसाच राहिला. इंजिन कोमट होतं.

धक्क्याचा राखणदार वरून बघत होता. "काय मास्तर, बिघडली का? दुपारी तर झकास चालत होती."

"दुपारी कोणी नेली?"

"तुम्हीच की! रोज दोनच्या सुमाराला नेता. पाठमोरे दिसता, हाक मारली तर वळत नाही. म्हटलं, मास्तरांना भाव आलाय."

दोन वाजता धाकटा दुकानात डबा खात असे. पण पाठीमागून दोघे भाऊ सारखेच दिसायचे, हे अख्ख्या धक्क्याला ठाऊक होतं. त्याने राखणदाराला काही सांगितलं नाही. कोणीतरी भुरटा असेल, जुनी चावी मिळाली असेल, असं मनाशी म्हणत त्याने जुना स्विच उचकटून काढला, नवा बसवला आणि वर सुकाणूला साखळी घालून कुलूप ठोकलं. एक चावी वहिनीच्या कपाटातल्या चोरकप्प्यात गेली, एक त्याच्या तिजोरीत.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी भरदुपारी राखणदाराचा फोन आला.

"मास्तर, बोट परत आलीय. पण तुम्ही उतरलेले दिसला नाहीत. मी इथेच बसलोय, डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही माझी. उतरलंच नाही कोणी."

धाकटा धावत गेला. ऊन रणरणत होतं, धक्क्यावर माणसांची वर्दळ होती. बोट नेहमीच्या जागी बांधलेली. साखळी काढून नीट गुंडाळून बाकाखाली ठेवली होती. आणि स्विचमध्ये चावी होती.

त्याने ती ओढून काढली. एवढ्या उन्हात ती गार होती, आणि ओली. त्याने दाते पाहिले. काप नव्या स्विचचेच होते. पण ते काप ताजे कातरलेले नव्हते, वापरून वापरून गुळगुळीत झाले होते. वीस वर्षं रोज फिरवली तर पितळ असं झिजतं, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? चावीच्या डोक्यावर अंगठ्याने पाडलेला खळगा होता, तोही डावखुऱ्या माणसाच्या बाजूला. घरात डावखुरा एकच होता. टोकाशी त्याची स्वतःची तिरकी खूण होती, जवळजवळ पुसली गेलेली.

स्विच बसवून पाच दिवस झाले होते.

तिजोरीतली चावी जागेवर होती, कोरी करकरीत. तो तसाच वहिनीकडे गेला आणि राखणदाराने रोज दोन वाजता काय पाहिलं ते तिला सांगितलं. तिने चोरकप्पा उघडला. तिथलीही होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिन्ही चाव्या ओळीने ठेवल्या, तेव्हा तिसरीखाली पाण्याचं छोटं थारोळं साचलं. वहिनीने ते पुसलं. ते पुन्हा साचलं.

धाकटा खाली मान घालून बोलू लागला.

"वहिनी, दादाने माझ्याकडे बोटीची जादा चावी मागितली होती. चार वेळा. आणि चावीला बांधायला बुचाचा गोळा, म्हणजे पाण्यात पडली तरी तरंगेल. पाच मिनिटांचं काम. मी दर वेळी म्हटलं, उद्या देतो. घरचाच माणूस, त्याला कसली घाई. मला वाटतं चावी पाण्यात पडली आणि तो तिच्यामागे..."



"मला ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी निघताना हे दारातच म्हणाले, एकच चावी आहे, पडली तर उडी मारावी लागेल. हसत होते."

"मग इतके महिने तुम्ही..."

"तुम्ही सांगता की नाही, ते बघत होते."

ती रागावली नाही, रडली नाही, आणि धाकट्याला तेच सोसेना. थारोळं पुन्हा पुसत तिने विचारलं, "रोज दोन वाजता ना? उद्या आपणही जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोघं बोटीत बसली. राखणदार दोर सोडून मागे सरला. धाकट्याने झिजलेली चावी स्विचमध्ये घातली आणि तो थांबला. आपला उजवा हात त्याने तिच्यावर नुसता ठेवला होता. चावी त्याने फिरवायच्या आधीच फिरली.

सुकाणूला कोणी हात लावला नाही. बोट धक्क्यापासून सरळ निघाली, वाटेतल्या दोन होड्यांना अंतर देऊन वळली, आणि पाणी जिथे निळ्याचं काळं होतं तिथे येऊन इंजिन आपोआप बंद पडलं. वहिनी बाकाची कड घट्ट धरून होती. कुठे एक पक्षीसुद्धा ओरडत नव्हता. बोटीच्या तळाला खालून टकटक झाली. दोनदा. घरच्या माणसाने दारावर करावी तशी.

"दादा," धाकटा काठावरून वाकून म्हणाला, "चुकलं माझं. मी उद्या उद्या करत राहिलो."

पाणी हललं नाही. त्याने मान वळवली तेव्हा स्विच रिकामा होता. दोघांनी बाकाखाली पाहिलं, दोरांखाली पाहिलं. चावी कुठेच नव्हती, आणि पाण्यात काही पडल्याचा आवाजही झाला नव्हता.

वहिनीने पर्समधून आपली नवी चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. "चला भाऊजी. इथे थांबायला नको." इंजिन तिसऱ्या प्रयत्नात खोकत सुरू झालं. धाकट्याला बोट नीट चालवता येत नव्हती, धक्क्याला लावताना त्याने ती दोनदा आपटली. राखणदाराने वरून दोर झेलला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"आज तुम्हीच होता, मास्तर," तो म्हणाला.

पुढे महिनाभराने बोट विकली गेली. घेणाऱ्याला दोन चाव्या दिल्या, दोन्ही बुचासकट. तोवर रोज दुपारी वहिनीचा दुकानात फोन यायचा.

"आज गेली होती का हो बोट?"

"नाही, वहिनी."

"बरं," ती म्हणायची. पण फोन मात्र लगेच ठेवत नसे.