थुंकी लावलेलं बोट

भाऊजींनी अंगठा चाटला आणि त्या काळ्या बोटाच्या टोकावर शिसपेन्सिलीचा भुगा चोळायला घेतला. कृत्रिम हाताचं बोट ते. गिऱ्हाईक दारात यायच्या बेतात, आणि हे त्याला थुंकी फासतायत. मग त्यांनी मीटर लावला. आकडा हलला.

"बघ, जाते की नाही वीज?"

मी हात बांधायचे पट्टे उचलले.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, वर्कशॉपचे मालक. पावडर कालवणं आणि तयार माल तपासणं माझ्याकडे. प्लास्टिकच्या पावडरीत कार्बन मिसळायचा, मशीनमध्ये तिचा पातळ थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, वर पुढचा थर. कार्बनमुळे बोटातून वीज जाते, म्हणून स्पर्श झाला की मोटर थांबते. वीज अडली तर हात आवळतच जातो. उरलेली पावडर पुन्हा वापरता येते, पण भाऊजींनी ती इतक्यांदा मशीनमध्ये भाजली होती की थर एकमेकांना धड धरत नव्हते, आणि वीज मध्येच अडायची.

"फेकून द्या ही," मी म्हटलं होतं.

"तुझ्या माहेरून आलीय वाटतं पावडर?"

ती काळी घाण रोज माझ्या नाकात जाते, नखांत बसते, डब्यातल्या घासाबरोबर दातांखाली येते. तिचा मला वीट आलाय. पण शिसारी आली ती या माणसाची.

शिवणकामवाल्या ताई आल्या, म्हाताऱ्या आईला घेऊन. ताईंचा उजवा हात मनगटापासून गेलेला. आईला उठवायचं, न्हाणीघरापर्यंत न्यायचं, एवढ्यासाठी त्यांना तो हवा होता. मी पट्टे बांधले. पेन्सिलीचा भुगा तेवढ्यात माझ्याच बोटांना पुसून आला, म्हणजे उरलीसुरली वीजही गेली.

"आता आईचाच हात धरा," भाऊजी मोबाईल काढत म्हणाले. "झकास फोटो येईल. जाहिरातीला लावू."

आजींनी लगेच हात पुढे केला. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आत नुसती हाडं. भाऊजी हसत होते. इतका निर्लज्ज माणूस मी जन्मात पाहिला नाही.

"भाऊजी, आधी तुमचा हात द्या."

"अगं, मी फोटो काढतोय ना."

"मोबाईल आणा इकडे. फोटो मी काढते."

मी तो त्यांच्या हातातून घेतलाच. रिकामा झालेला हात त्यांनी पँटच्या खिशात घातला. मग दुसराही घातला.

"माझं काय, मला माहीतच आहे कसा चालतो ते," ते म्हणाले.

ताईंनी त्या दोन खिशांकडे पाहिलं. मग मान खाली घालून त्या दातांनी पट्टा सोडवू लागल्या. मी मदतीला गेले, तर त्यांनी दंड मागे ओढला. माझ्यापासूनही.

आजींचा हात अजून पुढेच होता.

"का गं," त्यांनी विचारलं, "धरत नाहीस?"