मी दोन किलोचे वजन, मुद्देमाल क्रमांक एक

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी हातात घेतले नसेल. हल्ली भाजी आकडे दाखवणाऱ्या काट्यावर मोजतात. मी एक जुने लोखंडी वजन आहे, मित्रांनो, दोन किलोचे. सध्या माझा मुक्काम नाशिकच्या एका पोलीस ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीत आहे. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू खटला संपेपर्यंत या खोलीत ठेवतात. इथे सगळ्या वस्तू कागदात बांधलेल्या असतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. म्हणून माझी हकिकत तुम्हाला सांगते.

एका ओतशाळेत तापलेले लोखंड साच्यात ओतले आणि मी जन्मले. सहा बाजू, वर पकडायला कडी आणि तळाला एक छोटा खळगा. त्या खळग्यात शिसे भरून माझे वजन अगदी बरोबर केले. मग वजनमापे खात्याच्या साहेबांनी त्या शिशावर शिक्का मारला. तो शिक्का बसला, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

भांडी बाजारातल्या दुकानातून गेणू नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतले. त्याचा मखमलाबादच्या बाजूला भाजीचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, शेपू, वांगी. माल गेणू पिकवी आणि त्याची बायको चतुराबाई तो गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात विके. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. चतुराबाई मला पारड्यात ठेवी तेव्हा कधीच आपटत नसे. पारडी समोरासमोर आली की वरून वांगे नाहीतर मिरच्यांची मूठ टाकी. "माझं माप बोलंल, मी कशाला बोलू?" असे ती गिऱ्हाइकांना सांगे. दर दोन वर्षांनी ती मला तपासून, नवा शिक्का मारून आणी.

तिच्या शेजारी रावजी बसायचे. ते गिरणारे गावाकडून टोमॅटो आणि पेरू घेऊन येत. वीस वर्षे दोघांच्या गोणपाटांमध्ये एक वीतभर जागा होती. दुपारी त्या वीतभर जागेत भाकरी सोडली जाई. भाकरी तिची, लोणचे त्यांचे. गेणू वारला, तेव्हा दोन बुधवार रावजींनीच तिची भाजी विकली. ती त्यांना भाऊ म्हणे, ते तिला आक्का.

पुढे तिचा मुलगा ललित मोठा झाला, अंबडच्या कंपनीत लागला. त्याने आईला आकड्यांचा काटा आणून दिला. तराजू गोणीत गेला आणि मी ताडपत्रीच्या कोपऱ्यावर आले. वाऱ्याने ताडपत्री उडू नये, एवढेच माझे काम उरले. मला तपासायला नेणे बंद झाले. पावसात मी गंजत राहिले. चार हातांवर माणसांचा एवढा गलबला असे, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हते. मला वाटे, याहून एकटेपण काय असणार? मला ठाऊक नव्हते, मित्रांनो.

ती पौषातली सकाळ होती. ललितची सुट्टी होती, म्हणून तो आईबरोबर बाजारात आला होता. आल्या आल्या दोन्ही शेजाऱ्यांची कुरबूर झाली. रावजींचे क्रेट त्या वीतभर जागेवर आले होते आणि ललितने ते पायाने मागे सारले. रावजींना ते लागले. चतुराबाईने दोघांना गप्प केले, पण दोघेही आतून धुमसत राहिले. अकराच्या सुमाराला आकड्यांचा काटा बंद पडला, त्याचे चार्जिंग संपले होते. चतुराबाईने गोणीतून तराजू काढला आणि कित्येक वर्षांनी मी पारड्यात बसले. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू!

तेजस्विनी मॅडम नावाच्या एक शिक्षिका वांगी घेत होत्या. ललितने वांगी तोलली, पिशवीत ओतली आणि मला पारड्यातून उचलले. तेवढ्यात रावजी मॅडमना म्हणाले, "जरा बघून घ्या, बाई. त्या वजनाचं शिसं काढलेलं हाय. वीस वर्सं झाली, असंच कमी तोलून खाल्लंय यांनी."

मी ललितच्या हातातच होते. त्याची बोटे माझ्या कडीभोवती आवळली गेली आणि पुढच्याच क्षणी त्याने मला फेकले. अंतर दीड-दोन हातांचे. मी रावजींच्या उजव्या कानाच्या वर आदळले. ते पेरूंच्या क्रेटवर कोसळले.

ललित धावत पुढे आला. त्याने मला पुन्हा उचलले आणि हात डोक्याच्या वर नेला. मॅडम किंचाळल्या आणि त्यांनी तोंड फिरवले. लोक मागे सरले होते. त्याला धरायला कुणीच नव्हते. तो तसाच उभा राहिला. माझ्या कडीवरची त्याची पकड सैल होत गेली. मग त्याने हात खाली आणला, मला हळूच जमिनीवर ठेवले आणि रावजींच्या डोक्याला स्वतःचा रुमाल लावून तो तिथेच बसला. पोलीस आले तेव्हाही तो तिथेच होता.

पंचांसमोर पंचनामा झाला. जवळच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मला तोलले. एक किलो नऊशे पंच्याऐंशी ग्रॅम. मित्रांनो, शिसे कुणी काढले नव्हते. गंजून, झिजून मी पंधरा ग्रॅम कमी झाले होते आणि मला कुणी तपासायलाच नेले नव्हते. चतुराबाईला ते माहीत नव्हते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग मला तपकिरी कागदात गुंडाळले, सुतळी बांधली आणि लाखेची मोहर लावली. माझ्या अंगावर चिठ्ठी आली: मुद्देमाल क्रमांक एक.

मुद्देमाल खोलीत सोमनाथ हवालदार हे आमचे राखणदार. हर्षाली नावाची नवी शिपाई त्यांच्या हाताखाली आली होती. मांडणीवरच्या एकेका पुडक्याला हात लावून ते तिला समजावत. त्या क्रिकेटच्या स्टंपने दोन विद्यार्थ्यांत मारामारी झाली, अंगावर वळ उठले, ती दुखापत. हाड मोडले, डोळा किंवा कान कायमचा गेला, तर ती गंभीर दुखापत. त्या कोयत्याचा मालक तो आदल्या दिवशी धार लावून घेऊन गेला होता, माणसाला ठार मारायचेच म्हणून. तो खून. त्या फाटक्या सदऱ्याच्या भांडणात एकाने दुसऱ्याला उंच ओट्यावरून ढकलले. मारायचे मनात नव्हते, पण यात जीव जाऊ शकतो हे त्याला कळत होते. माणूस गेला. तो सदोष मनुष्यवध.

हर्षालीने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, हा माणूस तर जिवंत आहे, मग कलम एवढे मोठे का? सोमनाथ हवालदार म्हणाले, "खुनाचा प्रयत्न लावलाय. पूर्वी तीनशे सात म्हणायचो, नव्या कायद्यात एकशे नऊ. जीव गेला म्हणजे खूनच असतो असं नाही, आणि जीव वाचला म्हणजे नुसती मारामारी असंही नाही. काय घडलं ते डॉक्टर सांगतो. मनात काय होतं, ते कोर्टाला शोधावं लागतं."

आणि ते मनातले मला माहीत होते. दोन्ही वेळा मी त्याच हातात होते. पण लोखंडाची साक्ष कोण घेणार? चौदा महिने मी त्या कागदात होते. ललित नाशिकरोडच्या जेलमध्ये. रावजी एकोणीस दिवस सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होते. कवटीला तडा गेला होता आणि उजव्या कानाने त्यांना कायमचे ऐकू येईनासे झाले. चतुराबाईची बाजारातली जागा रिकामी होती, असे हवालदारांच्या बोलण्यातून कळले. मला त्या प्रत्येकाची आठवण येई आणि आठवण आली की माझी कडी माझ्याच अंगाला टोचे.

शेवटी मला कोर्टात नेले. न्यायाधीश मॅडमसमोर मोहर फोडली आणि मला टेबलावर ठेवले. तेजस्विनी मॅडमनी जे पाहिले तेच सांगितले, की रावजी पडल्यावरही ललितने दुसऱ्यांदा वजन उचलले. पुढचे त्यांनी पाहिले नव्हते. सरकारी वकिलांचा सगळा भर त्यावरच होता. पडलेल्या माणसावर जो पुन्हा हात उगारतो, त्याला जीवच घ्यायचा असतो, असे त्यांचे म्हणणे.

मग ललितच्या वकिलांनी चतुराबाईला साक्षीला बोलावले. बाहेर त्यांनी तिला समजावले असावे, कारण त्यांचा पहिलाच प्रश्न तसा होता. ललितने वजन एकदाच फेकले आणि पुन्हा हातही लावला नाही, असेच ना? तिने मला ओळखण्यासाठी हातात घेतले होते. किती दिवसांनी तो खरखरीत तळवा मला लागला!

"नाय, साहेब," ती म्हणाली. "त्यानं दुसऱ्यांदा उचललं. मी बघितलं."

ललितच्या वकिलांनी मान खाली घातली. आरोपीच्या पिंजऱ्यातून ललित आईकडे बघत राहिला. सरकारी वकील लगेच उठले. म्हणजे दुसरा घाव तो घालणारच होता, तुम्ही आई म्हणून त्याचा हात धरलात, म्हणून रावजी वाचले, हे खरे की नाही?

"मी कसली धरते! कुनीच धरलं नाय. त्याचं त्यानंच खाली ठिवलं."

तुम्ही मुलाला वाचवायला खोटे बोलताय, असे वकील म्हणाले.

चतुराबाईने मला टेबलावर ठेवले. आवाज न करता. "खोटंच बोलायचं असतं, तर त्यानं दुसऱ्यांदा उचललंच नाय म्हनले असते," ती म्हणाली.

लघुलेखकाने तिचे शब्द जसेच्या तसे टाइप केले.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. न्यायाधीश मॅडमनी लिहिले होते, की ललितने हत्यार शोधून आणले नव्हते. हातात होते तेच फेकले. खाली पडलेला माणूस समोर होता, वजन पुन्हा हातात होते, अडवायला कुणी नव्हते, तरी त्याने ते खाली ठेवले. जीव घेण्याचा हेतू सिद्ध होत नाही. मात्र दोन किलोचे लोखंड डोक्यावर फेकले तर काय होईल, हे कोणालाही कळते. कुणी आईबद्दल वाईट बोलले, म्हणून त्याचे डोके फोडता येत नाही. घातक वस्तूने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा सिद्ध झाला. तीन वर्षे सक्तमजुरी, त्यातून जेलमधले दिवस वजा.

मी हवालदारांच्या कापडी पिशवीत होते. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि ते सही आणायला गेले. त्याच बाकावर रावजी बसले होते. चतुराबाई त्यांच्या उजव्या बाजूला येऊन काहीतरी बोलली. त्यांनी मान वळवली नाही. तिला आधी वाटले, ते मुद्दाम बोलत नाहीत. मग तिच्या लक्षात आले. ती उठली आणि डाव्या बाजूला जाऊन बसली.

"भाऊ, माझ्या पोरानं तुझा कान नेला," ती म्हणाली. "माफी मागायला तोंड नाय मला."

रावजी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "ते शिशाचं मी रागात बोललो, आक्का. तोंडातनं गेलं. मग मागं घेता येईना. तू बस बाजारात. जागा हाय तुझी. ललितला मात्र माझ्यासमोर आनू नको. अजून नाय."

"नाय आनत," ती म्हणाली. दोघे तसेच बसून राहिले. हवालदार आले आणि मला घेऊन निघाले. पिशवीतून मला मागे वळून बघता आले नाही.

मुद्देमालाबद्दलही एक ओळ त्या निकालात होती. वजन किरकोळ किमतीचे आहे, अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावे. म्हणून मी वाट बघते आहे. भट्टीची मला भीती नाही, मी तिथूनच आले. फक्त शेवटच्या दिवशी माझ्याजवळ ओळखीचे कुणी नसेल, याचे वाईट वाटते.

मित्रांनो, वस्तूंना हेतू नसतो. तो तुमच्या हातातून आमच्यात उतरतो आणि कायदा पुढे वर्षानुवर्षे तो हेतूच शोधत बसतो. म्हणून माझे एवढे ऐका. राग आला, की हातात जे काही असेल, दगड असो, बॅट असो नाहीतर दप्तर असो, ते आधी खाली ठेवा आणि मगच बोला. ललितनेही मला खाली ठेवले होते. पण दुसऱ्यांदा उचलल्यावर.