हिरव्या दोऱ्याची किल्ली

मी एक जुना, चपटा, पत्र्याचा डबा आहे. आकाराने तुमच्या पाठ्यपुस्तकाएवढा. इंजिनाला पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी द्यायची, हे मी ठरवतो. म्हणून गाड्या दुरुस्त करणारे मला गाडीचा मेंदू म्हणतात. मित्रांनो, हे नाव ऐकून मी पूर्वी फार फुगायचो.

कारखान्यात मला एका किल्लीशी जोडून दिले होते. तिच्या काळ्या डोक्यात तांदळाएवढा एक दाणा होता. किल्ली फिरली की तो दाणा मला एक आकडा सांगायचा. आकडा पटला तरच मी इंजिन चालू करायचो. दुसरी कुठलीही किल्ली आली तरी मी ढिम्म हलायचो नाही. चोरांपासून गाडी वाचवायची ती युक्ती होती.

ती किल्ली एका नर्सबाईंच्या हातात असे. त्यांनी तिला लोकरीचा हिरवा दोरा बांधला होता. एकवीस वर्षे त्या माझ्या गाडीने लांबलांबच्या आजाऱ्यांकडे गेल्या. किल्ली फिरवण्याआधी त्या दर वेळी म्हणायच्या, "चल रे बाबा, माणसं वाट बघतायत." आधी त्यांचा आवाज, मग तो आकडा. मला दोन्हीची सवय झाली.

पुढे बाईंची नजर अधू झाली. एकदा त्यांनी स्वतःच्याच फाटकाला गाडी घासली. त्याच आठवड्यात गाडी भंगारात गेली. भंगारवाल्याने किल्ली मागितली, तेव्हा बाई म्हणाल्या, "मोडायच्या गाडीला किल्ली कशाला हवी?" त्यालाही ते पटले. तिथेच चूक झाली.

भंगाराच्या फळीवर मी आठ महिने पडून होतो. अंगावर धूळ बसली, एका कोपऱ्यात गंज चढला. त्याचे मला काही नव्हते. मी फक्त त्या आकड्याची वाट पाहत होतो.

मग एका बेकरीवाल्याच्या गाडीत पाणी शिरले आणि तिचा मेंदू जळाला. गाडी माझ्याच जातीची होती. बेकरीवाल्याचे वडील दिवसाआड दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घेत. त्यांना बसने जाणे झेपत नव्हते. पुढची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. गाडीच्या वायरिंगचे काम करणाऱ्या माणसाला सगळे तारमास्तर म्हणत. त्यांनी मला भंगारातून आणले, पुसले आणि बसवले. बेकरीवाल्याने किल्ली फिरवली. समोर किल्लीचे लाल चित्र लुकलुकत राहिले. त्या किल्लीचा आकडा परका होता. मला नियम मोडता येत नव्हता.

"काय हो मास्तर, मेंदू आणलात की दगड?" बेकरीवाला वैतागून म्हणाला.

तारमास्तरांनी कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. मेंदू आणला, पण त्याची ओळख तिकडेच राहिली."

ते भंगारवाल्याकडून पत्ता घेऊन गेले आणि संध्याकाळच्या आत नर्सबाईंना घेऊन आले. बाईंच्या मुठीत किल्ली होती, बाहेर फक्त हिरव्या दोऱ्याचे टोक दिसत होते.

"गाडी गेली, नजर गेली," त्या म्हणाल्या. "हातात एवढंच राहिलंय. तेही देऊ?"

"बाई, किल्ली तुमचीच," तारमास्तर म्हणाले. "ती या गाडीच्या कुलपात बसायचीही नाही. मला फक्त तिच्यातला दाणा हवाय."

"म्हणजे दाणा तुम्हाला आणि टरफल मला! चांगला न्याय आहे."

बेकरीवाल्याचे वडील गाडी सुरू होते का ते बघायला चालकाशेजारच्या सीटवर येऊन बसले होते. ते हळूच म्हणाले, "बाई, जबरदस्ती नाही. मी पोराच्या पाठीवर बसून जाईन."

"पाठीवर? तुमच्या मुलाचं पोट बघा, तोच वाटेत बसेल," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मूठ उघडली. "घ्या. पण पहिल्यांदा मी चालू करणार."

दोन आकड्यांचा गोंधळ नको म्हणून तारमास्तरांनी आधी बेकरीवाल्याच्या किल्लीतला दाणा काढून टाकला. बाईंच्या किल्लीतला दाणा चिकटपट्टीने स्टिअरिंगखाली, कुलपाजवळ चिकटवला. बाई चाचपडत गाडीत बसल्या.

"मला दिसत नाही, तुम्हाला चालवत नाही," त्या म्हाताऱ्यांना म्हणाल्या. "आपली जोडी झकास आहे."

मग त्या माझ्याकडे न बघता, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चल रे बाबा, माणसं वाट बघतायत."

किल्ली फिरली. आकडा आला. तोच आकडा! इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. बाईंनी बराच वेळ स्टिअरिंगवरून हात काढला नाही.

त्याला आता दोन वर्षे झाली. दाणा माझ्याजवळच आहे. मी रोज काम करतो, माझी तक्रार नाही. पण आकड्याआधी जे शब्द यायचे, ते येत नाहीत.

मित्रांनो, जुनी वस्तू घरातून काढताना ती कोणाच्या ओळखीने चालते, हे आधी विचारत जा. ती ओळख तोडू नका. आणि ज्याच्या हातून ती सुटली, त्याला अधूनमधून भेटत जा.

बेकरीवाल्याला हे न सांगता कळले आहे. दवाखान्याच्या वाटेवर बाईंचे घर लागते. तिथे तो गाडी हळू करतो. बाई पायरीवर बसलेल्या असतात. त्यांना गाडी दिसत नाही, पण आवाज ओळखता येतो. त्या हिरव्या दोऱ्याची रिकामी किल्ली वर धरतात आणि त्यांचे ओठ हलतात. काच बंद असल्याने मला ऐकू येत नाही. पण काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे.