काडेपेटीतली अळी

शिंपीकाम करता करता म्हातारे झालेल्या मास्तरांनी कधी कापड चुकीचं कापलं नाही, पण बायको गेल्यावर गच्चीतल्या पिंपात तिचा घेवडा लावताना घोळ घातलाच. बरणीतलं मूठभर बी सगळंच्या सगळं पेरून मोकळे झाले. पुढच्या वर्षासाठी चार दाणे मागे ठेवावेत, एवढं साधं त्यांना सुचलं नाही. बी तिच्या माहेरचं, बाजारात कुठं मिळायचं नाही. वेल गेला की बायकोच्या हातचं म्हणावं असं जिवंत काही उरणार नव्हतं.

आणि ऐन फुलावर मावा पडला. कोवळे शेंडे काळ्या किड्यांनी भरले, पानं आकसली. एकदाचं औषध मारा आणि सुटा, असं लेकीनं सांगून पाहिलं. मास्तरांनी ते उडवून लावलं. बायकोनं गच्चीवर विषाचा थेंब येऊ दिला नव्हता. भाजीची देठं कुजवून खत, साबणाचं पाणी, नाहीतर हातानं वेचणं, एवढंच तिचं शास्त्र. मास्तर रोज शेंडे धुवायचे आणि मावा पुन्हा हजर. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

मग त्यांना खरा चोर सापडला. माव्याच्या गर्दीत काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरत होत्या. तोंडावरूनच दुष्ट दिसत होत्या मेल्या. मास्तरांनी चिमट्यानं एकेक टिपून चिरडली. सुईत दोरा ओवणारी नजर, एकही सुटली नाही. मेहुणीला दाखवायला तेवढी एक काडेपेटीत ठेवली.

मेहुणी आली. तिनं पेटी उघडली आणि मग वेलाकडे पाहिलं. मावा आता देठापर्यंत उतरला होता.

"भावोजी, हे ढालकिड्याचं पिल्लू आहे, त्या लाल पाठीच्या ठिपकेवाल्या किड्याचं. मावा खाऊनच जगतं. ताई यांची वाट बघायची. बाकीची कुठायत?"

मास्तरांनी हातातला चिमटा हळूच खिशात घातला.

तिला कळलं. ती पाणी आणायला खाली गेली. मास्तरांनी अळी शेंड्यावर ठेवली. पेटीत उपाशी राहून ती मलूल झाली होती. त्यांनी माव्यानं भरलेलं पान तिच्या तोंडापुढे धरलं. बायकोच्या शेवटच्या दुखण्यात ते अशीच वाटी धरून बसायचे आणि ती मान फिरवायची.

"खा गं," मास्तर म्हणाले. "दोन घास तरी खा."

पानाचा धक्का लागला आणि अळी मातीत पडली. मास्तर गुडघे टेकून शोधू लागले, पण डोळे इतके भरून आले होते की ती त्यांना दिसेना.