डिफेनबॅकियाला अळूचं पाणी

गारखेड्यातल्या घरात रत्नमालेचा डिफेनबॅकिया एकाएकी लोळला. हे शोभेचं झाड तिनं मोठ्या हौसेनं नर्सरीतून आणलेलं. सडका देठ कापताना चीक लागला आणि तिचे हात खाजून लालबुंद झाले.

“याला रोज पाणी कोण घालतं?” ती कडाडली.

“मीच,” सासू बानाबाई म्हणाल्या. न्हाणीच्या सांडपाण्यावर त्यांचं अळू फोफावलेलं; तेच पाणी त्या मायेनं या कुंडीलाही पाजत होत्या.

“आत्याबाई, अळूला चिखल लागतो. याची माती वाळू द्यावी लागते!”

अळू चिरल्यावर लावतात तशी भिजवलेली चिंच सुनेच्या हातांना चोळत बानाबाई म्हणाल्या, “खाज दोघांची सारखीच की गं. मला वाटलं, तहान बी सारखीच आसंल.”